पाणीमावशीने सोडलेला हौद

स्लॅबवर पाणी मारणं हे बांधकामावरचं सगळ्यात हलकं काम समजतात. ज्याला घमेलं पेलत नाही, ज्याची कंबर गेली, ज्याला दुसरं काही जमत नाही, त्याच्या हातात पाइप द्यायचा. पाणीमावशीला हे कोणी बोलून दाखवलं की ती एवढंच विचारायची, "तुझ्या घराचं छत कोणी धरलंय रे? तू, की पाण्याने?"

वय एकोणसाठ. काटक बांधा, डोक्याला घट्ट फडकं, पायात नवऱ्याचे जुने बूट. चौतीस वर्षं तिने घरांच्या कामावर काढली होती. पहिली वीस घमेली वाहण्यात गेली, पुढची चौदा पाणी मारण्यात. ती कोणाची सख्खी मावशी नव्हती, पण गवंड्यापासून ठेकेदारापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणायचे. तिचा जावई स्लॅबचा मिस्त्री होता, तोसुद्धा. कामावर मावशी, घरी आई. हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं आणि तिला ते पटलंही होतं. कामाच्या जागी नातं काढलं की एकाला कामात सूट मिळते आणि दुसऱ्याच्या मनात खुटखुट राहते.

गाव वाळवंटाच्या काठावरचं. दारापुढे डोंगराएवढी वाळू, पण कामाला त्यातलं एक घमेलं चालत नाही. ती पिठासारखी बारीक, सिमेंटला धरतच नाही. कामाची वाळू दोन दिवसांच्या वाटेवरून ट्रकने यायची. वाळवंटात राहून वाळू विकत आणणारी माणसं आपण, असं म्हणून मावशी हसायची. पण खरी अडचण वाळूची नव्हती. खरी अडचण होती ऊन, वारा आणि पाणी.

नऊनंतर सूर्य असा तापायचा की सळईला हात लावला तर फोड यायचा. ओलं फडकं दोरीवर टाकून चहा घ्यावा, तर कप खाली ठेवेपर्यंत फडकं कडक. तिथे टाकलेलं काँक्रीट वाऱ्याच्या तोंडी सोडलं तर खाली ओलं असतानाच वरून तडकतं. पहिल्या तासाभरातच केसाएवढ्या भेगा दिसायला लागतात. नवशिका म्हणतो, चला, लवकर वाळलं. मावशी त्याला हाताला धरून भेगांपाशी न्यायची.

"चिखल वाळतो. काँक्रीट पिकतं. पिकायला काय लागतं?"

"पाणी."

"मग मुकाट्याने गोणपाटं उचल."

तिची पद्धत ठरलेली. घोटाई झाली, बोटाचा ठसा उमटेनासा झाला, की लगेच ओली गोणपाटं अंथरायची. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून आळी करायची आणि पाणी भरून ठेवायचं, शेतात वाफे भरतात तसं. चौदा दिवस. दिवसातून चार फेऱ्या, ऊन असो की वावटळ. दुपारी पाइपात साचलेलं पाणी चटका बसेल इतकं तापतं. ते स्लॅबवर मारायचं नाही आणि वाळूत सोडायचं तर मुळीच नाही. आधी बादलीत काढायचं, निवू द्यायचं, मग वापरायचं. दुसरी माणसं पाइपाचं तोंड खुशाल जमिनीकडे करायची. मावशीच्या हातून चौदा वर्षांत तांब्याभर पाणी वाया गेलं नव्हतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं ते याच बाईच्या हातून झालं.

तिची आणखी एक सवय होती. स्लॅब टाकायच्या दिवशी मिक्सर सुरू होण्याआधी ती हौदातलं पाणी ओंजळीत घ्यायची, तोंडात घोळवायची, थुंकायची आणि मान हलवायची. मान हलली की मिक्सरवाला हँडल मारायचा. कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नसेल, पण त्या टोळीत मावशीच्या मानेशिवाय मिक्सर फिरत नसे.

ही सवय कुठून आली हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं.

तिचा नवरा गवंडी होता, चांगला गवंडी. लग्नानंतर सहा वर्षांनी दोघांनी स्वतःच्या हाताने दोन खोल्यांचं घर बांधलं. भिंती त्याने चढवल्या, छत त्याने टाकलं, पाणी तिने वाहिलं. गोड पाण्याचा नळ पाऊण कोसावर होता, दिवसातून एक तास यायचा. खारी विहीर घराच्या मागेच, वीस पावलांवर. पहिले चार दिवस ती नळावर गेली. पाचव्या दिवशी पोटात मूल असल्याची चाहूल लागली होती, पाय भरून आले होते, आणि तिने मनाशी म्हटलं, प्यायचं पाणी भिंतीला कोण घालतं? हंडा विहिरीत सोडला. छताचं सगळं काँक्रीट त्या विहिरीच्या पाण्यात झालं. नवऱ्याने विचारलं, "नळाचंच ना गं?" तिने मान हलवली.

नवव्या वर्षी छताला तांबडे डाग पडले. मग पोपडे सुटले. मग एका दुपारी दोन घमेली भरतील एवढा तुकडा खाली आला, मुलीच्या खाटेवर. मुलगी शाळेत होती म्हणून वाचली. नवऱ्याने उघडी पडलेली सळई बोटाने खरवडली, तर तिचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले. खाऱ्या पाण्याने लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, फुगलं की काँक्रीटला आतून लाथ मारतं. हे त्याला माहीत होतं. पण पाणी खारं होतं हे माहीत नव्हतं. तो सिमेंटला दोष देत राहिला, दुकानदाराला दोष देत राहिला आणि शेवटी स्वतःच्या हाताला. आपण बांधलेलं घर त्याने आपल्याच हाताने पाडलं. पुढे लोकांची कामं केली, पण स्लॅबच्या कामाला परत कधी उभा राहिला नाही. गेला तोही हेच मनात घेऊन.

त्याला जाऊन चौदा वर्षं झाली. त्याच वर्षी मावशीने घमेलं खाली ठेवलं आणि पाइप हातात घेतला.

तर त्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सबाईच्या घराचा स्लॅब होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर जायला जिना. नर्सबाई एकटी कमावती, घरात गुडघ्यांनी थकलेले वडील. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून कंटाळलेले. वीटकाम चाललं होतं तेव्हा म्हातारे रोज काठी टेकत यायचे आणि आपली खाट कुठे लागणार ती जागा बघून जायचे.

उजाडायच्या सुमाराला बावीस माणसं जागेवर हजर होती. ऊन चढायच्या आत, नवाच्या ठोक्याला शेवटचं घमेलं पडलं पाहिजे, हा हिशेब. सळई बांधून तयार. खडीवर रात्रभर ओली गोणपाटं घातलेली, म्हणजे ती थंड राहते. सेंटरिंगच्या प्लेटांवर आणि सळईवर पाणी मारायचं काम मावशीचं. तिने पाइपाचं टोक धुवायला हात कोपरापर्यंत हौदात घातला आणि तसाच बाहेर काढला.

बोटं झोंबली.

सिमेंटने तिच्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या, सगळ्यांच्याच बोटांना असतात. साध्या पाण्यात त्या झोंबत नाहीत. तिने हात परत घातला. परत झोंबला, जखमेवर मीठ चोळावं तसा.

आदल्या दिवशी टँकर आला तेव्हा ती दुसऱ्या जागेवर पाणी मारत होती. एरवी टँकर रिकामा होताना ती समोर उभी असायची.

तिने ओंजळ भरली, पाणी तोंडात घेतलं, घोळवलं. काही नाही. लाकूड चघळल्यासारखं. तिला ते आधीच माहीत होतं. गेल्या वर्षी वीस दिवस ताप आला होता, तेव्हापासून जीभ मेली होती. गोड-खारट कशाचाच पत्ता नाही. ही गोष्ट तिने कामावर कोणाला सांगितली नव्हती. वर्षभर ती पाणी तोंडात घ्यायची, घोळवायची, थुंकायची आणि टँकरवाल्याच्या भरवशावर मान हलवायची.

मिक्सरवाला हँडल धरून तिच्याकडे बघत होता. ठेकेदार गाडीतून उतरला. पांढरा शर्ट, हातात फोन.

"काय मावशी, गोड आहे ना? होऊ दे सुरू."

मान हलवणं सोपं होतं. वर्षभराची सवय होती.

"खारं आहे," मावशी म्हणाली.

घमेली थांबली.

"नेहमीचाच टँकर आहे, मावशी."

"टँकर नेहमीचा. विहीर नेहमीची का? लावा त्याला फोन."

ठेकेदाराने फोनकडे बघितलं आणि तो खिशात टाकला. "एवढ्या सकाळी झोपला असेल तो."

तेवढ्यावरून मावशीला कळलं, पाणी कुठल्या विहिरीचं ते त्याला आधीच ठाऊक होतं.

जावई सळईवरनं खाली उतरून आला. उंच, शांत माणूस, हातात त्याची काँक्रीट सारखं करायची लोखंडी थापी. ती थापी तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. "मावशी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "जिभेला लागतंय का खारं?"

तो काय विचारतोय हे तिला समजलं. तिने ओला हात पदराला पुसला. आणि त्याने ते सगळ्यांदेखत बोलून टाकलं. रागाने नाही. बावीस माणसं खोळंबली होती, पूर्व तांबडी झाली होती.

"तापापासून हिची जीभ गेलीय. आमच्याकडे भाजीत एक तर दोनदा मीठ पडतं, नाही तर पडतच नाही."

टोळी हसली. व्हायब्रेटरवाला म्हणाला, "म्हणजे वर्षभर मावशीने नुसत्या चुळाच भरल्या म्हणायच्या!"

"आणि आम्ही देवाचा कौल घ्यावा तसे तिच्या तोंडाकडे बघत उभे," दुसरा कोणीतरी म्हणाला. पुन्हा हशा.

मावशीने हशा संपू दिला.

"भरल्या," ती म्हणाली. "वर्षभर खोटी मान हलवली. कान धरते. आज हलवत नाही. जीभ गेली असेल, बोटं गेली नाहीत. ज्याच्या हाताला भेगा आहेत त्याने हात घालून बघा."

कोणी पुढे आलं नाही. ठेकेदार समोर उभा होता.

"बरं," मावशी म्हणाली, "बोटांवरही विश्वास नको. स्टोव्ह पेटलाय ना चहाचा?" तिने जावयाच्या हातातली थापी काढून घेतली.

"अहो, माझी थापी!"

"खात नाही तुमची थापी."

तिने थापी स्टोव्हवर तापवली. डाव्या अंगाला हौदातलं पळीभर पाणी टाकलं, उजव्या अंगाला आपल्या प्यायच्या कॅनमधलं. दोन्ही चर्र करून आटली. उजवीकडे धुरकट डाग राहिला, काचेवर श्वास सोडल्यावर राहतो तेवढा. डावीकडे पांढरा खपली धरलेला थर, नखाने निघेल असा.

"थापीला कालचं सिमेंट असेल," ठेकेदार म्हणाला.

यात खोट नव्हती. असू शकतं. मावशीने थापी वाळूने घासली, फडक्याने पुसली, आरशासारखी केली आणि पुन्हा तापवली. या वेळी बाजू बदलल्या. पांढरा थर बाजू बदलून उजवीकडे आला. जावयाने वाकून नखाने तो खरवडला आणि नख जिभेला लावलं. लगेच थुंकला. तोंड वाकडं झालेलं सगळ्यांनी पाहिलं.

ठेकेदाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "असेल थोडं खारं. एवढ्याने काय आभाळ कोसळतंय? वरून प्लास्टर येणार, रंग येणार."

"आज नाही कोसळत. नवव्या वर्षी कोसळतं."

"नवव्या वर्षी कोण कुठे असेल!"

"तुम्ही कुठे असाल ते ठाऊक नाही. तो म्हातारा इथे असेल. या इथे, खाटेवर."

"मावशी, सात वर्षं आमच्याकडे काम करतेस. खाल्ल्या मिठाला जाग जरा."

"मिठालाच जागतेय," मावशी म्हणाली.

आता कोणी हसलं नाही. ठेकेदाराने मिक्सरवाल्याकडे वळून हात केला. "कर चालू. दुपारपर्यंत दुसरा टँकर येत नाही. आज स्लॅब पडला नाही तर ही माणसं उद्या दुसरीकडे जातील. चालू कर म्हणतो ना!"

मिक्सर धडधडला. पोटात खडी खुळखुळायला लागली. एक जण बादली घेऊन हौदाकडे निघाला.

मावशी त्याच्या आधी हौदापाशी पोचली. विटांचा हौद, बुडाशी धुवायला ठेवलेलं मनगटाएवढं भोक, त्यात चिंध्या गुंडाळलेला लाकडी बोळा. तो बोळा तिनेच गुंडाळला होता, थेंब गळणार नाही असा. ती खाली बसली, दोन्ही हातांनी धरला आणि पिळून ओढला.

पाणी धारेने बाहेर आलं.

वाळूने ते आवाजसुद्धा न करता पिऊन टाकलं. मग वाळूला आवरेना, ओघळ झाला, बुटांपाशी आला. सगळी टोळी बघत राहिली. त्या मुलखात माणूस शिवी विसरेल, पण सांडलेलं पाणी विसरत नाही. पाइपातलं तापलेलं पाणी बादलीत धरणारी बाई, आणि टँकरभर पाणी तिच्या मांडीजवळून मातीत चाललेलं. तिने बोळा मांडीवर घेतला, पदर त्यावर घातला आणि पाठ हौदाला टेकवली.

"वेड लागलंय हिला!" ठेकेदार ओरडला. "उठवा! बोळा घ्या तिच्याकडून!"

बावीस माणसं. एकानेही पाऊल उचललं नाही. मिक्सरवाल्याने इंजिन बंद केलं. त्याला तसं कोणी सांगितलं नव्हतं.

"मिस्त्री," ठेकेदार जावयाला म्हणाला, "सासू तुमची. तुम्ही उठवा. नाही तर तुमचंही माझ्याकडे काम नाही."

जावई आला, तिच्यासमोर उकिडवा बसला. "आई," तो म्हणाला. कामावर त्याने तिला आई म्हटलेलं कोणी कधी ऐकलं नव्हतं. "आई, उठा. मी बोलतो त्यांच्याशी. दुसरं पाणी आणवतो. पण हे असं नका करू."

"दुसरं पाणी त्याच विहिरीचं येईल. तुम्हाला माहीत आहे."

त्याने ठेकेदाराकडे बघितलं.

"तुमच्या बायकोच्या खाटेवर छत पडलं होतं, ते तुम्ही ऐकलंय."

"सिमेंट खराब होतं. तिनेच सांगितलं."

"सिमेंट चांगलं होतं. हात चांगला होता. पाणी मी वाहिलं, मागच्या विहिरीचं. मला माहीत होतं खारं आहे. त्याने विचारलं आणि मी मान हलवली." ती थांबली. हौदाचा आवाज येत होता, पाणी निम्म्यावर आल्यावर येतो तसा. "तो गेला तोवर त्याला वाटत होतं, आपल्या हातात खोट आहे. मी सांगितलं नाही. घरीही कोणाला माहीत नाही. आता तुम्हाला माहीत झालं. उचला आता, उचलायचं तर. पण बोळा मिळणार नाही."

जावयाने तिच्या मांडीवरच्या पदराकडे बघितलं. मग उठला. त्याने स्टोव्हजवळ पडलेली आपली थापी उचलली, बाहीला पुसली आणि भिंतीच्या सावलीत जाऊन बसला. त्याच्यामागे सळईवाले गेले, मग घमेलीवाल्या बाया. एवढंच झालं. कोणी घोषणा दिल्या नाहीत. बावीस माणसं सावलीत बसली आणि ठेकेदार उन्हात उभा राहिला.

हौद रिकामा झाला तेव्हा मावशी उठली. पाय आखडले होते. बोळा तिने हौदाच्या काठावर नीट ठेवला.

"उद्यापासून येऊ नकोस," ठेकेदार म्हणाला.

"उद्याचं उद्या."

आठच्या सुमाराला रात्रपाळी संपवून नर्सबाई आली. हातात पेढ्यांचा पुडा होता, स्लॅबच्या दिवशी माणसांना द्यायला. मोकळी सळई बघितली, ओली वाळू बघितली, सावलीत बसलेली माणसं बघितली. "काय झालं?" ठेकेदार काही बोलायच्या आत मावशीने सांगितलं. चार वाक्यांत. आपली जीभ गेल्याचंही सांगितलं, ते लपवलं नाही. नर्सबाईने ऐकून घेतलं आणि ठेकेदाराकडे वळली.

"खारं पाणी मी रोज सुईने देते," ती म्हणाली. "माणसाला देतात ते. घराला नाही." मग तिने पुडा मावशीच्या हातात दिला. "वाटा. स्लॅब पडला नाही म्हणून परत नेऊ का?"

घरी वेगळाच स्लॅब कोसळायचा होता. मुलगी संध्याकाळपर्यंत तोंड फिरवून होती. जावयाने तिला सांगितलं होतं, विहिरीचं. मावशी भांडी घासत बसली. शेवटी मुलगी पाठीमागे येऊन उभी राहिली.

"बाबा जाईपर्यंत तू गप्प राहिलीस."

"राहिले."

"एवढी वर्षं. आणि आज बावीस माणसांसमोर तोंड उघडलंस."

"त्यांच्यासमोर नाही. नवऱ्याशी बोलले तुझ्या."

"माझ्याशी का नाही बोललीस?"

मावशीने राखेची चिमूट घेतली. तिने तेच भांडं दुसऱ्यांदा घासलं. मुलीने ते तिच्या हातून काढून घेतलं. बराच वेळ विसळत राहिली. तिचे डोळे भरलेले होते आणि आवाज कडक होता.

"उद्यापासून भाजीत मीठ मी घालणार."

"घाल."

"आणि तू कामाला जायचं नाहीस."

"मीठ तू घाल," मावशी म्हणाली. "पाणी मी बघणार."

चार दिवसांनी नर्सबाईच्या घराचा स्लॅब टाकून झाला. टँकर तिने स्वतः सुट्टी काढून, नळावर उभं राहून भरून घेतला. ठेकेदाराने जावयाला काढलं नव्हतं. एवढा हात असलेला मिस्त्री त्याला दुसरा कुठे मिळणार होता? मावशीला मात्र बोलावणं नव्हतं. पाणी मारायला त्याने एका रखवालदाराला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी त्या बाजूने गेली. रखवालदार सावलीत पेंगत होता. स्लॅबवरची गोणपाटं कडक झाली होती, पाय दिला तर कुरकुरत होती. कडेच्या बाजूला दोन भेगा फुटायला लागलेल्या. मावशी जिन्याने वर गेली. पाइपातलं तापलेलं पाणी आधी बादलीत काढलं, निववलं, गोणपाटं भिजवली. मग खालून माती वाहून आळी घालायला घेतली. एकटीने, घमेल्याने, चौदा वर्षांनी पुन्हा. कंबर बोलायला लागली. तिने ऐकलं नाही.

चौथ्या आळ्यावर ठेकेदार आला. खाली उभा राहून म्हणाला, "तुला कोणी बोलावलं?"

"स्लॅबने."

"मी सांगितलं होतं ना, यायचं नाही?"

"तुम्ही उद्याचं सांगितलं होतं. तो उद्या कधीच गेला." ती फावडं चालवत राहिली. "वर या, भेगा दाखवते. नाही तर खालीच राहा. पण सावलीत उभे राहा, चक्कर येईल."

तो वर आला नाही. उन्हातही उभा राहिला नाही. दुसऱ्या दिवशी रखवालदार पाइपाजवळ दिसला नाही आणि मावशीला कोणी काही बोललं नाही. तिने चौदा दिवस पुरे केले, दिवसाला चार फेऱ्या. पंधराव्या दिवशी आळी मोडली, माती खाली टाकली, स्लॅब झाडून घेतला. नर्सबाईचे वडील काठी टेकत आले. खालच्या खोलीत उभे राहून त्यांनी वर बघितलं, काठीने छताला ठोकायचा प्रयत्न केला, पण हात पुरला नाही. मावशीने वरून टाच आपटली.

"ऐकू आलं का?"

"आलं," ते खालून म्हणाले.

महिन्याने पलीकडच्या गल्लीत दुसरा स्लॅब होता. उजाडताना सगळे जमले. टँकर आदल्या दिवशीच येऊन गेला होता आणि या वेळी मावशी समोर उभी होती. तरीही तिने सवयीने ओंजळ भरली. व्हायब्रेटरवाल्याने तोंडावर हात धरून हसू दाबलं.

मिक्सरवाला मात्र तिच्याकडे बघत नव्हता. तो स्टोव्हकडे बघत होता. तिथे जावई उकिडवा बसला होता, पाठ तिच्याकडे, आणि आपली थापी जाळावर धरून होता. बाजूला दोन पळ्या मांडलेल्या, एक हौदाची, एक कॅनची. तिला त्याने काही विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

मावशीने तोंडातलं पाणी थुंकलं आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. जरा वेळ बघत राहिली.

"पुसली का आधी?"

"पुसली."

"वाळूने?"

जावई थांबला. त्याने थापी जाळावरून काढली.

"कालचं सिमेंट आजच्या पाण्याच्या माथी मारू नका," मावशी म्हणाली. "द्या इकडे."

त्याने थापी तिच्या हातात दिली. तिने खाली बसून ती वाळूने घासायला घेतली, मुठीपासून टोकापर्यंत, दोन्ही बाजूंनी. पूर्व तांबडी होत होती. बावीस माणसं थांबून होती. तिने घाई केली नाही.